ओलीवरचा शाळू

पश्चिमेकडून येणारे मेघ सह्याद्रीने बहुतांशी रिते करून सोडल्यामुळे जो मुलूख सरकारदफ्तरी पिढ्यान्‌पिढ्या अवर्षणाचा म्हणून नोंदला गेला, त्या माणदेशात, म्हणजे साताऱ्याकडील दहिवडी-म्हसवडपासून सांगलीकडील आटपाडीपर्यंतच्या टापूत, उत्तरा-हस्ताच्या ओलीवर पेरलेला शाळू पुढे आभाळाची फारशी मदत नसतानाही पोटरीला येतो, निसवतो आणि कणसात दाणा धरतो. काळ्या रानाच्या पोटातली ही ओल माणसाच्या डोक्यावरून जाणाऱ्या ताटाच्या शेंड्यापर्यंत चढवतो कोण?

मुळांचा दाब पाणी थोडेसे वर ढकलतो, पण तेवढ्याने हे कार्य होत नाही. जगदीशचंद्र बसूंनी १९२३ साली, जिवंत पेशींच्या स्पंदनाने रस चढतो, असे प्रतिपादन केले. त्या थोर संशोधकाविषयी पूर्ण आदर ठेवूनही हे सांगितले पाहिजे की, स्ट्रासबुर्गर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९१ सालीच खोडातील पेशी विषाने मारून पाहिल्या होत्या आणि पाणी तरीही चढतच राहिले होते. त्याचा उलगडा डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी १८९४ साली केला. पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून बाष्प उडून जाते, त्या जागी मागचे पाणी ओढले जाते, आणि जलकण परस्परांना घट्ट धरून असल्यामुळे मृत, पोकळ काष्ठनलिकांतून मुळापर्यंत पोचलेला अखंड जलस्तंभ मोटेच्या नाड्यासारखा वरून ताणला जातो. ओढणारे बैल म्हणजे ऊन आणि कोरडा वारा. माणदेशात या दोहोंची वाण कधीच नव्हती.

वाण असते ती खालच्या ओलीची. ती सरू लागली की ताण असह्य होतो, नलिकेत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती निकामी होते. म्हणून शाळू रंध्रे मिटतो; परंतु त्याच वाटेने अन्नासाठी लागणारा कर्बवायू आत येत असल्याने ही काटकसर त्याला उपासाच्या मोलाने करावी लागते. भर दुपारी पाने सुरळीसारखी आत वळतात, ती पहाटेपर्यंत पुन्हा उलगडतात. धाटावरून बोट फिरवले की पांढुरकी भुकटी लागते. ते मेणही बाष्प रोखण्यासाठीच.

तरी पिकाने घेतलेल्या पाण्यातला अगदी अल्प अंशच त्याच्या अंगी राहतो. बाकीचे पानांवाटे उडून जाते, पण निदान पिकाच्या कामी येऊन; काळी जमीन भेगाळली की मात्र ओल पिकाला न शिवताच थेट वाऱ्यावर जाते. म्हणून उभ्या शाळूत कोळपे फिरते, भुसभुशीत माती भेगांत उतरते आणि जमिनीतली ओल मुळांच्या वाट्याला राहते.