टाके कोण काढणार?

डिसेंबर-जानेवारीत पुण्या-मुंबईच्या दंतवैद्यांकडे अमेरिका, इंग्लंड आणि आखातातून सुट्टीवर आलेल्या मराठी मंडळींची रीघ लागते. भाच्याचं लग्न, कुलदैवताचं दर्शन आणि वर्षानुवर्षं राहून गेलेली दातांची कामं, सगळं तीन आठवड्यांत उरकायचं असतं. हिशेब सरळ आहे. एका दाताचं इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर पक्का दात, अमेरिकेत साधारण ३ ते ५ हजार डॉलरला पडतं. इथे तेच काम बऱ्याच ठिकाणी २५ ते ५० हजार रुपयांत होतं. या पाहुण्या रुग्णांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यात, ताडकळससारख्या गावातून निघणाऱ्या रुग्णाचा प्रवास मात्र कोणी मोजत नाही. पूर्णा जंक्शनवर देवगिरी एक्स्प्रेस पकडली की एकीकडे हैदराबाद, दुसरीकडे मुंबई. तिथे दात, केस, नाक, पोट सगळं ‘पॅकेज’मध्ये करून मिळतं, जाहिरात मोबाइलवर येते आणि हप्तेही पाडून मिळतात. ताडकळसच्या सोयाबीन उत्पादकाला हैदराबाद जवळजवळ तितकंच परकं असतं, जितकं न्यू जर्सीत राहणाऱ्याला आता पुणं. दोघेही एकच चूक करतात, असं माझं म्हणणं आहे. उपचाराचा खर्च काढताना ते ऑपरेशनच्या दिवसाचा दर धरतात आणि पुढचे सहा महिने हिशेबातून सोडून देतात.

स्वस्त म्हणजे हलकं, हा समज आधी बाजूला ठेवायला हवा. अमेरिकेतल्या आणि आपल्या दरांतली तफावत कौशल्यातून येत नाही. ती येते जागेच्या भाड्यातून, मदतनिसांच्या आणि प्रयोगशाळेतल्या कारागिरांच्या पगारातून, तिथल्या डॉक्टरांच्या शिक्षणकर्जातून आणि खटल्यांच्या भीतीनं काढलेल्या विम्यातून. जबड्यात जाणारा स्क्रू अनेकदा त्याच स्विस किंवा कोरियन कंपनीचा असतो. शिवाय अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या मूळ सरकारी विम्यात नेहमीची दातांची कामं बसतच नाहीत आणि खासगी दंतविम्याला वर्षाची मर्यादा असते. म्हणून ॲरिझोना-कॅलिफोर्नियातले लोक सीमा ओलांडून मेक्सिकोतल्या लॉस अल्गोदोनेसला जातात, युरोपातले हंगेरीला आणि इंग्लंडमधले तुर्कस्तानला. भारतात २०१९ साली उपचारांसाठी आलेल्या परदेशी नागरिकांची संख्या ७ लाखांच्या घरात होती आणि त्यांत सर्वाधिक लोक बांगलादेशातले होते. ही सगळी माणसं मूर्ख नाहीत. गुणवत्ता इथे आहे आणि पैसाही वाचतो, हे खरंच आहे.

गुणवत्तेचा प्रश्न तर या मातीत फार जुना आहे. १७९२च्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा गडी टिपू सुलतानाच्या हाती लागला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभरानंतर पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या जातीतल्या माणसानं त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. या शस्त्रक्रियेचं वर्णन ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आलं. त्यावरून अभ्यास करून जोसेफ कार्प्यू या सर्जननं १८१४ साली इंग्लंडमध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली त्यावर पुस्तक काढलं. आजच्या प्लास्टिक सर्जरीचा एक धागा असा पुण्याकडून तिकडे गेला. या हकिकतीतला एक तपशील सहसा कोणी उचलत नाही. जेम्स वेल्स या चित्रकारानं कावसजीचं चित्र काढलं ते शस्त्रक्रियेनंतर सुमारे दहा महिन्यांनी. नाक टिकलं की नाही हे कळायला तेवढा काळ जावा लागला आणि तोवर रुग्ण पाहणाऱ्यांच्या नजरेसमोर होता. ऑपरेशनच्या दिवशी काढलेल्या फोटोवरून काहीच ठरत नाही. आज जाहिरातींत मात्र नेमका तोच फोटो असतो.

दाताच्या इम्प्लांटकडे जरा बारकाईनं पाहू. स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आलं की टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. हे एकजीव होणं हाच सगळ्या उपचाराचा पाया आहे आणि त्याला साधारण तीन ते सहा महिने लागतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा मऊ, म्हणून तिथे जास्त. स्क्रू बसवायचा, हिरडी बंद करायची, थांबायचं, मग वरचा भाग जोडून कॅप बसवायची, अशी ही रीत आहे. तीन आठवड्यांच्या सुट्टीत ती बसत नाही. यावर उत्तर तयार असतं की आता त्याच आठवड्यात दात बसवून देतात. देतात, आणि हाड भरीव असेल, रुग्ण तंबाखू खात नसेल, मधुमेह आटोक्यात असेल, तर ते टिकतंही. पण या अटी ऐकल्या की मराठवाड्यात घोडं कुठे अडतं हे लगेच कळतं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, तरी पुड्या मिळायच्या थांबल्या नाहीत. मिश्री आहे, तंबाखू-चुना आहे. तंबाखूनं हिरडीचा रक्तपुरवठा घटतो, जखम भरायला वेळ लागतो आणि स्क्रू हाडात न धरण्याचा धोका वाढतो. सुपारी-गुटख्यानं ज्याचं तोंडच दोन बोटांहून जास्त उघडत नाही, त्याला आधी दाताच्या नव्हे, तोंडाच्या तपासणीची गरज असते. ही तपासणी पॅकेजमध्ये धरलेली नसते.

समजा, स्क्रू नीट धरला. दोन वर्षांनी कॅपखालचा बारका स्क्रू ढिला झाला, दात हलायला लागला. दुरुस्ती पाच मिनिटांची आहे. पण प्रत्येक कंपनीच्या स्क्रूचं डोकं वेगळं आणि ते फिरवायचं पान्यासारखं हत्यारही वेगळं. कोणत्या कंपनीचं, कोणत्या मापाचं इम्प्लांट आहे हे कागदावर नसेल तर परभणीतला निष्णात दंतवैद्यही हात टेकतो. मग एवढ्याशा कामासाठी पुन्हा गाडीचं तिकीट, दोन दिवसांची मजुरी बुडालेली आणि सोबत येणाऱ्याचा खर्च. वाचवलेले पैसे इथे जातात.

आपल्याकडे आणखी एक मोह वाढतो आहे, पांढऱ्याशुभ्र दातांचा. मराठवाड्यातल्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. दात घडण्याच्या वयात ते पोटात गेलं की दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात आणि ते घासून जात नाहीत. लग्नाच्या वयातल्या मुलीला या डागांपायी काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते घराघरांत माहीत आहे. तिला हसणारे, ‘एवढ्याशा गोष्टीचं काय’ म्हणणारे लोक मला निर्दय वाटतात. पण नेमक्या याच अगतिकतेवर धंदा चालतो. सौम्य डाग दंतवैद्याकडे वरवर घासून, रसायनानं किंवा फिलिंगच्या मसाल्यानं झाकून बरेच कमी होतात. व्हेनिअर, म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायचा पातळ पापुद्रा, लावायचं तर दाताचा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा थर काढावा लागतो. कॅप लावायची तर चारी बाजूंनी साधारण एक ते दोन मिलिमीटर दात तासला जातो आणि उरतो तो खुंट. तुर्कस्तानात जाऊन तोंडभर कॅपा बसवून आलेल्या इंग्रज तरुणांची जी चर्चा झाली ती याच कारणानं. व्हेनिअर म्हणून सांगितलं, प्रत्यक्षात धडधाकट दात खुंटापर्यंत तासले. तासलेला दात पुन्हा उगवत नाही, आतली नस दुखावली तर रूट कॅनल करावं लागतं आणि कॅपा काही वर्षांनी बदलाव्या लागतात. विशी-बाविशीत हा मार्ग धरणाऱ्याला तो खर्च आयुष्यभर पुन्हा पुन्हा करावा लागतो.

चरबी काढणं, पोट ताणून घेणं अशा शस्त्रक्रियांत नुसते पैसे जाण्यावर भागत नाही. डोमिनिकन रिपब्लिक या देशात स्वस्तात सौंदर्य शस्त्रक्रिया करून घ्यायला गेलेल्या अमेरिकी नागरिकांपैकी ९३ जणांचा २००९ ते २०२२ या काळात मृत्यू झाला, असं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं २०२४ साली प्रसिद्ध केलं. आधी वर्षाला सरासरी चार मृत्यू होत. २०१९पासून ते तेरावर गेले. तपासलेल्या मृत्यूंपैकी बहुतेकांचं कारण फुप्फुसात अडकलेली चरबीची किंवा रक्ताची गुठळी हे होतं. लाखो लोक प्रवास करतात, त्यात हा आकडा किरकोळ आहे, असं कोणी म्हणेल. पण ज्या शस्त्रक्रियेवाचून काही अडत नव्हतं तिच्यात ही माणसं गेली. एका बैठकीत अनेक शस्त्रक्रिया उरकल्या, लगेच तासन् तास विमानात पाय दुमडून बसलं, की गुठळीचा धोका वाढतो. म्हणून पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर निदान दहा दिवस विमानप्रवास टाळा असं सांगतात. संसर्गाचंही तसंच. २००३-०४ साली त्याच देशातून पोटाची शस्त्रक्रिया करून परतलेल्या वीस महिलांच्या जखमांत क्षयाच्या जंतूच्या जातकुळीतला एक चिवट जंतू सापडला. लक्षणं दिसली ती घरी पोहोचल्यावर, काही आठवड्यांनी. ज्यानं चिरलं तो तेव्हा समुद्रापलीकडे होता.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. ज्याच्या गावात सोयच नाही त्यानं प्रवास करायचा नाही तर काय करायचं? आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर महाराष्ट्रानंच दिलेलं आहे. मूळचे पंढरपूरचे आणि न्यूयॉर्कमध्ये राहणारे डॉ. शरदकुमार दीक्षित २०११ साली निधन होईपर्यंत दरवर्षी भारतात येत राहिले. स्वतःचं शरीर आजारांनी आणि अपघातानं खिळखिळं झालेलं असताना त्यांनी शिबिरांमधून फाटलेले ओठ, भाजल्याचे व्रण, पडलेल्या पापण्या अशा हजारो शस्त्रक्रिया विनामूल्य केल्या. इथे रुग्णाऐवजी सर्जन प्रवास करत होता. त्या माणसापुढे नतमस्तक व्हावं. तरीही सर्जन निघून गेल्यावर पाच-सात दिवसांनी टाके काढायला गावातला डॉक्टरच लागतो. दुभंगलेल्या ओठांचं पाहा. ओठ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात शिवतात, टाळू वर्षा-दीड वर्षाच्या आत, मग उच्चारांचे धडे, आठ-दहा वर्षांच्या वयात हिरडीच्या हाडाची भर, पुढे दातांना तारा. हा उपचार दहा-पंधरा वर्षं चालतो. म्हणून लातूरला डॉ. विठ्ठल लहाने यांच्याकडे या शस्त्रक्रिया मोफत होतात ही गोष्ट मला कोणत्याही चकचकीत हॉस्पिटलपेक्षा मोलाची वाटते. परभणी जिल्ह्यातली आई तिथे बाळाला घेऊन पुन्हा पुन्हा जाऊ शकते. गरजेची शस्त्रक्रिया आणि हौसेची शस्त्रक्रिया यांतला फरक कायदाही जाणतो. निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला जीएसटीतून सूट नाही. जन्मजात व्यंग किंवा दुखापत दुरुस्त करणाऱ्या शस्त्रक्रियेला आहे.

जवळचा तो चांगला, असं मात्र मी म्हणत नाही. आठवडी बाजारात चादर टाकून बसणारा दातवालाही जवळचाच असतो. तो झटपट गोठणाऱ्या प्लास्टिकचा दात शेजारच्या दातांना तारेनं बांधून अर्ध्या तासात ‘फिक्स’ करून देतो. त्याखाली अन्न कुजतं आणि आधाराचे चांगले दातही हलायला लागतात. जवळचा आणि नोंदणीकृत, दोन्ही हवं. परभणीत दंत महाविद्यालय आहे, नांदेड-लातूरला आहेत, छत्रपती संभाजीनगरला शासकीय आहे. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या जास्त होतात, पण पैसे कमी लागतात आणि कागद राहतो. काही बिनसलं तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं रुग्णाला तो राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. पुण्याच्या रुग्णालयाविरुद्ध परभणीत दाद मागता येते. बँकॉक किंवा इस्तंबूलच्या रुग्णालयाला परभणीत खेचणं व्यवहारात अशक्य आहे.

तरीही लांब जायचं ठरलं असेल, तर जा. फक्त पैसे भरण्याआधी परभणीतल्या किंवा नांदेडातल्या एखाद्या डॉक्टरला भेटून घ्या आणि ‘मी तिकडून करून आलो तर नंतरचं तुम्ही बघाल का’ असं सरळ विचारा. तो हो म्हणाला तर परतताना एक्स-रे, इम्प्लांटच्या खोक्यावरचं स्टिकर, औषधांची यादी आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक मागून आणा. हे कागद द्यायला जो कुरकुरतो त्याच्या खुर्चीत बसू नका. आणि इथला डॉक्टर नाही म्हणाला, तर तिकीट रद्द करा.