सैन्याची शिदोरी

आषाढी वारींत श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी नातेपुत्यास एक रात्र मुक्काम करिते आणि दुसरे दिवशीं माळशिरसची वाट धरिते. त्या एका रात्रीसाठीं दिंड्यांचे ट्रक आधींच पुढें येतात. तंबू ठोकले जातात, पाणी भरलें जातें, चुली पेटतात. 'आधीं पोटोबा, मग विठोबा' ही म्हण ज्या गांवाच्या दारांत दरवर्षीं खरी होते, त्या गांवास फौजेच्या रसदीचें महत्त्व निराळें सांगावयास नको. तरीही घरांतील मुलगा सैन्यांत कोठारावर किंवा हिशेबावर जाणार म्हटलें कीं, 'म्हणजे लढाईवर नव्हे ना?' असा प्रश्न येतो. त्यांत जसा सुटकेचा निःश्वास असतो, तशी किंचित् अवहेलनाही असते. आम्हांस दोन्ही अस्थानीं वाटतात.

पानिपतचेंच पाहा. १७६० च्या डिसेंबरांत रसदीच्या कामगिरीवरील गोविंदपंत बुंदेले मारले गेले. दिल्लीची वाट तर आधींच तुटली होती. अखेर उपासमारीनें गांजलेलें मराठी सैन्य १४ जानेवारी १७६१ रोजीं छावणीबाहेर पडलें. पहिल्या महायुद्धांत मेसापोटेमियांतील कुत येथेंही तेंच झालें. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्यें मराठा पलटणी होत्या. सुमारें पांच महिने वेढा सोसून त्या सैन्यानें २९ एप्रिल १९१६ रोजीं शस्त्रें खालीं ठेविलीं, तीं अन्न सरलें म्हणून.

आज शिधा, इंधन व वाहतूक आर्मी सर्व्हिस कोअर पाहतो. शस्त्रें, दारूगोळा व कपडे आर्मी ऑर्डनन्स कोअरकडे असतात. झोजीला घाट बर्फानें बंद होण्यापूर्वीं लडाखांतील ठाण्यांचा हिवाळ्याचा सांठा भरून ठेवावा लागतो. येथें वहींतील एक आंकडा चुकला, तर त्याची शिक्षा दूरच्या चौकीवरील जवान थंडींत भोगतो. लेखणीचा पिढीजात अभिमान बाळगणाऱ्या आमच्या घरांनीं या लेखणीची जोखीम ओळखावी.

मार्ग मोकळा आहे, पण तो डोळसपणें धरावा. २०२२ पासूनच्या अग्निवीर योजनेंत लिपिक व भांडारपाल यांचीही भरती होते. ही सेवा चार वर्षांची असून पुढें जास्तींत जास्त शेंकडा २५ जणांस कायम करितात. म्हणजे चौघांपैकीं निदान तिघांस घरीं परतावें लागतें. सबब मुलानें पदवीचा अभ्यास सोडूं नये, आणि वडील मंडळींनीं त्याच्या परतण्यास अपयश म्हणूं नये. मुलींनाही या दोन्ही दळांचीं अधिकारपदें १९९२ पासून खुलीं आहेत, आणि १७ फेब्रुवारी २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें त्यांचा कायम सेवेचा हक्क मान्य झाला आहे.

शत्रूवर चालून जाणारा वीर खराच. परंतु त्याची शिदोरी वेळेवर व पुरेपूर पोंचविणाराही त्याच पंक्तीचा मानकरी होय. पुढच्या वेळीं अशा मुलाच्या नोकरीची वार्ता घरीं आली, तर 'लढाईवर नव्हे ना?' असें न विचारतां त्याच्या हातावर साखर ठेवावी, एवढीच आमची विनंती.