वांग्याची जाहीर सुनावणी

वैज्ञानिक संशोधन हे तज्ज्ञांचे काम, त्यात सामान्य माणसाने तोंड घालू नये, ही समजूत आपल्याकडे फार जुनी. तिला २०१० साली धक्का दिला तो वांग्याने!

जालन्याच्या महिको कंपनीने जमिनीतील एका जिवाणूचे जनुक वांग्यात घातले होते. शेंडे व फळे पोखरणारी अळी ते खाऊन मरावी आणि फवारण्या वाचाव्यात, हा हेतू. १४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्राच्या तज्ज्ञ समितीने या बीटी वांग्यास संमती दिली. एरवी विषय तेथेच मिटला असता. कारण १९८९ च्या नियमांत समित्यांची उतरंड आहे, लोकांना विचारण्याचे बंधन नाही. परंतु तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी निर्णय रोखला आणि कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंदीगड, हैदराबाद व बंगळूर येथे जाहीर सभा घेतल्या. सुमारे आठ हजार लोक आले. गोंगाट झाला, घोषणाही झाल्या. सभा म्हटली की ते आलेच. पण विचारले गेलेले प्रश्न पोरकट नव्हते. देशी वाणांत हे जनुक शिरेल काय? बियाणे घरी राखता येईल काय? चाचण्या कंपनीनेच केल्या, तर त्या पडताळून कोणी पाहावयाच्या? यांतील पहिला प्रश्न वनस्पतिशास्त्राचा खरा. उरलेले दोन मात्र ज्याच्या शेतात आणि ज्याच्या ताटात वांगे आहे, त्या प्रत्येकाचे आहेत.

९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती आली. शेजारच्या बांगलादेशाने त्याच वांग्यास २०१३ मध्ये परवानगी दिली. कोणाचे बरोबर, याविषयी जाणत्यांत मतभेद आहेत आणि ते राहोत. आमची तक्रार निराळी आहे. बियाणे तयार झाल्यावर, बाजाराच्या दारात लोकांना विचारले. संशोधन आरंभताना विचारले नाही. शिवाय जे विचारणे झाले, ते एका मंत्र्याच्या मर्जीने. निर्णयप्रक्रियेत जनतेचा सल्ला घ्यावा, असे सांगणाऱ्या कार्ताहेना करारात भारत २००३ पासून सामील आहे.

मर्जी बदलली की काय होते, ते मोहरीच्या वेळी दिसले. २०१६ मध्ये जनुकीय मोहरीचा संपूर्ण अहवाल पाहावयाचा, तर दिल्लीला मंत्रालयात जावे लागे, आणि अभिप्रायास मुदत तीस दिवसांची. भरतपूरच्या शेतकऱ्याने पेरणी सोडून तेथे जावे, अशी अपेक्षा होती की काय, कोण जाणे! २०२२ च्या ऑक्टोबरात त्या मोहरीस संमती मिळाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २३ जुलै २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींचे संमतीविषयी एकमत झाले नाही. मात्र शेतकऱ्यांसह सर्व संबंधितांशी विचारविनिमय करून केंद्राने राष्ट्रीय धोरण आखावे, यावर दोघांचेही एकमत झाले.