'पंप गेला', हे कशावरून? : जुन्या ट्रकच्या निदानाचं तर्कशास्त्र

मागच्या व्याख्यानात आपण अनुमान म्हणजे काय ते पाहिलं. डोंगरावर धूर दिसतो, जिथे धूर असतो तिथे अग्नी असतो, म्हणून डोंगरावर अग्नी आहे, हे न्यायशास्त्रातलं नेहमीचं उदाहरण आपण घेतलं होतं. नंतर काही श्रोत्यांनी विचारलं, याचा रोजच्या व्यवहारात उपयोग काय? म्हणून आज आपण नाशिककरांच्या पाहण्यातलाच प्रश्न घेऊ. जुना ट्रक कसारा घाटात बंद पडतो. मिस्त्री म्हणतो, 'पंप गेला.' आपण विचारायचं, हे कशावरून?

लासलगावचा कांदा आणि पिंपळगावची द्राक्षं घेऊन मुंबईकडे गाड्या उतरतात आणि भिवंडीहून परतीचा माल भरून घाट चढतात. जुन्या गाडीचा मालक पुष्कळदा स्वतःच चालक असतो. पंप उतरवून लॅबमध्ये पाठवला की गाडी काही दिवस उभी राहते, भाडं बुडतं आणि पंपाचं बिल वेगळं. एवढं करून दोष दुसरीकडेच निघाला, तर त्या घराचा महिना कोलमडतो. तेव्हा हे अनुमान बरोबर असणं गरजेचं आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. टाटांनी १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी करार केला आणि मर्सिडीज-बेंझच्या धर्तीचे ट्रक भारतात बनू लागले. त्यांच्यासाठी लागणारे बॉश पद्धतीचे डिझेल पंप मायको कंपनी बनवत असे. आपल्या सातपूरच्या कारखान्यात याच कंपनीचे नोझल होतात. २००८ पासून कंपनीचं नाव बॉश आहे, पण लोकांच्या तोंडी अजून मायकोच. टाटा १२१० किंवा १६१३ सारख्या जुन्या गाडीत पंप खरं म्हणजे दोन असतात. पहिला छोटा, फीड पंप. तो टाकीतून डिझेल ओढतो आणि फिल्टरमधून पुढे ढकलतो. त्याच्यावरच हाताने दाबायचा हातपंप असतो. दुसरा मोठा, इंजेक्शन पंप. तो सहा सिलिंडरच्या सहा नोझलना प्रचंड दाबाने, मोजून, वेळेवर डिझेल देतो. फीड पंपाचा दाब साधारण एक ते दोन बार, तर नोझल उघडतो तो दोनशे बारच्या आसपास. म्हणजे 'पंप गेला' या वाक्यात पहिला प्रश्न हाच, की कुठला?

आता तर्काकडे वळू. पंप बिघडला तर गाडी बंद पडते, हे खरं. पण गाडी बंद पडली म्हणून पंप बिघडला, हे त्यातून निघत नाही. नैयायिकांनी हीच गोष्ट लोखंडाच्या तापलेल्या गोळ्याने समजावली आहे. धूर असेल तिथे अग्नी असतो, पण अग्नी असेल तिथे धूर असेलच असं नाही. गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी ओलं इंधनही लागतं. या लपलेल्या अटीला त्यांनी 'उपाधी' म्हटलं. जो हेतू साध्य नसतानाही आढळतो तो 'सव्यभिचार', म्हणजे हेत्वाभास. गाडी बंद पडणं हा असाच हेतू आहे. टाकीच्या झाकणाचं छिद्र बुजलं, तळाची जाळी गाळाने भरली, फिल्टर तुंबला, पाइपने हवा घेतली, बंद करायची केबल अडकली, या प्रत्येक वेळी गाडी बंदच पडते.

मग पहिला पुरावा कोणता? गंमत म्हणजे इथेही तो धूरच आहे. सेल्फ मारा आणि सायलेन्सरकडे बघा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतं आहे, पण नीट जळत नाही. मग कॉम्प्रेशन, टायमिंग, नोझल यांचा विचार करायचा. इंजिन फिरतं आहे आणि धूर अजिबात नाही, तर डिझेल पोहोचतच नाही. आता शोध टाकीपासून नोझलपर्यंतच्या वाटेवर आला.

या वाटेचे दोन भाग करा: फीड पंपाच्या आधीचा आणि नंतरचा. नंतरच्या भागात डिझेल ढकललं जातं. तिथे गळती असेल तर डिझेल बाहेर ठिबकतं, डोळ्यांना दिसतं. आधीच्या भागात डिझेल ओढलं जातं. तिथे फट असेल तर चालू गाडीत बाहेर थेंबही दिसत नाही, हवा मात्र आत शिरते. चालकांच्या भाषेत गाडी 'एअर घेते'. आपण खालून पाहतो, पाइप कोरडा दिसतो, आणि म्हणतो गळती नाही. अभावाचं ज्ञान तेव्हाच खरं, जेव्हा ती वस्तू असती तर दिसली असती. इथे ती असूनही दिसत नाही. म्हणून कोरडा पाइप हा पुरावा धरायचा नाही.

त्यासाठी वेगळी परीक्षा लागते. फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल करा आणि हातपंप मारा. आधी फेस येईल. थोड्या वेळाने बुडबुडे थांबून स्वच्छ धार आली, तर अडकलेली हवा निघाली. बुडबुडे थांबतच नसतील, तर टाकी ते फीड पंप या भागात कुठेतरी हवा शिरते आहे. हातपंपाला जोरच लागत नसेल, तर फीड पंपाचे व्हॉल्व्ह किंवा हातपंपाचं रबर संशयित.

पुढची परीक्षा व्यतिरेकाची. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. टाकीकडून येणारा पाइप सोडा, स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून नवा पाइप थेट फीड पंपाला जोडा, एअर काढा आणि गाडी चालू करा. उभ्या गाडीत रेस देऊन इंजिन नीट चाललं, तर दोष टाकीच्या बाजूचा. तरीही दम तोडत असेल, तर पंपाचा किंवा त्याच्या पुढचा. फक्त कॅन टाकीच्या पातळीवरच ठेवा. उंच टांगला तर डिझेल आपल्याच वजनाने उतरतं, कमजोर पंपही धडधाकट वाटतो आणि परीक्षा खोटी ठरते. दाब मोजायचं मीटर असेल तर काम आणखी सोपं. फिल्टरच्या आधी दाब चांगला आणि नंतर कमी, तर फिल्टर बदला. दोन्हीकडे कमी आणि टाकीकडची वाट निर्दोष, तर आता म्हणा, फीड पंप गेला.

हा दोष निघाला तर दुरुस्ती मोठी नाही. बाहेरची घाण आधी पुसा, मग पंप उतरवा. डिझेलमध्ये धुऊन व्हॉल्व्ह नीट बसतात का, स्प्रिंग तुटली आहे का, प्लंजरवर चरे आहेत का ते पाहा. खराब भाग किटमधून बदला. तांब्याचे वॉशर नवे घाला, जुने पुन्हा दाबून बसवू नका, कारण हवा तिथूनच शिरते. जोडल्यावर आत येणाऱ्या तोंडावर बोट ठेवून हातपंप मारा. बोट ओढलं जायला हवं. इंजिन ऑइलची काडीही काढून बघा. पातळी वाढलेली आणि डिझेलचा वास असेल, तर फीड पंपाचा दांडा झिजून डिझेल ऑइलमध्ये उतरत असण्याची शक्यता आहे. तशी गाडी चालवणं म्हणजे इंजिन घालवणं.

मोठ्या पंपावर संशय यावा तो सगळ्यात शेवटी. त्याला स्वच्छ डिझेल पुरेशा दाबाने मिळतं, बंद करायची केबल मोकळी आहे, आणि तरीही नोझलकडे काही जात नाही, एवढं ठरल्यावर. तो रस्त्यावर उघडायचा नसतो. त्याचे प्लंजर आणि बॅरल जोडीने घासून बसवलेले असतात, त्यांच्यातलं अंतर दोन-चार मायक्रॉन. त्यांना बेंचवर तपासणारी डिझेल लॅबच हवी. उतरवण्याआधी टायमिंगच्या खुणा करून ठेवा. आणि एक सूचना कळकळीची: दाबाखालच्या नोझलच्या पाइपसमोर हात कधीही धरू नका. ती बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. समजा मिस्त्रीने मोठा पंप बदलला आणि गाडी चालू झाली. सिद्ध झालं का, की पंपच गेला होता? नाही, मंडळी. कारण काहीही उघडलं की जोडताना एअर काढावीच लागते. फिल्टर बदला, पंप बदला, नुसतं उघडून परत लावा, शेवटी हातपंप मारला जातोच. आणि दोष हवा शिरण्याचा असेल, तर तेवढ्यानेच गाडी चालू होते. पाच-पन्नास किलोमीटर जातेही. मग पुन्हा घाटात उभी. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. आपले पूर्वज याला काकतालीय न्याय म्हणत. मालकाचे पैसे इथेच बुडतात, आणि मिस्त्री अप्रामाणिक नसतानाही बुडतात. गाडी चालू झालेली त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असते.

म्हणून दुरुस्तीची परीक्षा तक्रारीच्याच परिस्थितीत व्हावी. तक्रार भरल्या गाडीने चढ चढताना येत होती ना? मग अंगणातल्या रिकाम्या गाडीचा निर्णय धरायचा नाही. फीड पंपाआधी डिझेलला टिकणारा पारदर्शक नळीचा तुकडा पक्का बसवा आणि भरल्या गाडीने चढ चढून बघा. दम तुटू लागला की सुरक्षित जागी थांबून नळीत बुडबुडे दिसतात का ते पाहा. टाकीचं झाकण सैल करा. हवा सूं करत आत गेली आणि गाडीचा दम परत आला, तर दोष त्या बुजलेल्या छिद्राचा.

आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. विद्यार्थ्यांना हेत्वाभासांची नावं पाठ असत, पण त्यांचा फटका कुणाला बसतो हे पुस्तकात लिहिलेलं नसतं. तो भाड्यावर घर चालवणाऱ्या माणसाला बसतो. तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं, 'पंप गेला', तर वाद न घालता शांतपणे तीन प्रश्न विचारा: कुठला पंप? दुसरं काय काय तपासलं? आणि भरल्या गाडीने चढ चढून पाहिलं का? चांगला मिस्त्री या प्रश्नांनी रागावत नाही. तो पाना उचलतो आणि टाकीपासून सुरुवात करतो.

इथे थांबू.