चकतीतली नक्षी का निसटते?

श्रावणात शाळेच्या लाकडी कपाटाचे दार अडते. बीडच्या कोरड्या उन्हाळ्यात तेच दार सैल होऊन खडखडते. हवेतला ओलावा लाकूड शोषते व सोडते, हे आपण मुलांना सांगतोच. याच गुणामुळे एक सुरेख कारागिरी मोडकळीस येते.

अठराव्या शतकात फ्रेंच कारागीर लाकडाच्या पातळ पापुद्र्यांतून फुले, वाद्ये कापून मेजावर त्यांचे चित्र जुळवीत. पंधराव्या लुईचे असे मेज ओबेनने १७६० मध्ये सुरू केले आणि रीझनेरने १७६९ मध्ये पुरे केले. पाकळीला सावली हवी असली की तिची कड तापलेल्या वाळूत धरून करपवीत. प्रत्येक पाकळी मात्र वेगळी कापावी लागे.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत बनणाऱ्या सादेली पेट्यांची युक्ती निराळी. अबनूस काळा, पतंगाचे लाकूड तांबूस, हस्तिदंत पांढरा किंवा हिरवा रंगवलेला, आणि कथील चंदेरी. यांच्या बारीक लांब काड्या सरसाने जुडीत चिकटवायच्या आणि ती जुडी आडवी कापायची. अळूवडीची वळकटी कापली की प्रत्येक वडीत तेच वेटोळे दिसते ना, अगदी तसे! एका जुडीतून एकसारख्या कितीतरी चांदण्या निघत. त्या चंदनाच्या वगैरे पेटीवर बसवीत. ही हुशारी आम्हाला फ्रेंच मेजाहून कमी वाटत नाही.

पण गोम इथेच आहे. लाकूड फुगते ते तंतूंच्या आडव्या दिशेने. लांबीत जवळजवळ नाही. सुताराकडचा ढलपा दोन्ही दिशांनी मोजा, रात्रभर भिजवा, पुन्हा मोजा. फरक मुलांनाच दिसेल. सादेलीच्या चकतीत तंतू उभे असतात, म्हणून तिच्यातले लाकूड लांबी-रुंदी दोन्हींकडे फुगते. खालची फळी लांबीत हलत नाही. कथील तर ओलाव्याने फुगतच नाही. ही ओढाताण सरसाला सोसावी लागते आणि वर्षानुवर्षांच्या पावसाळ्या-उन्हाळ्यांनंतर तो हार मानतो. दमट मुंबईतली पेटी बीडसारख्या कोरड्या हवेत आणली तर आकसलेल्या तुकड्यांत फटीही पडतील.

घरात अशी पेटी असेल तर ती ओल्या फडक्याने पुसू नये. पाण्याने सरस मऊ पडतो. निसटलेले तुकडे डबीत जपून ठेवावेत. हस्तिदंताचा व्यापार आता कायद्याने बंद आहे, तेव्हा हरवलेल्या तुकड्याच्या जागी तसाच दुसरा मिळणार नाही.