दोन साक्षी, एक पुरावा : सूक्ष्म प्रतिमांची पारख

इतिहासाच्या अभ्यासकाला पहिला धडा मिळतो तो साधनांच्या पारखेचा. दोन बखरी एकच हकीकत सांगत असतील, तर तिला बळकटी येते. परंतु दुसरी बखर पहिलीची नक्कल असेल, तर साक्षी दोन दिसल्या तरी पुरावा एकच. रेणूंची चित्रे घेणाऱ्या विज्ञानालाही हाच धडा शिकावा लागला.

प्रथिनांचे द्रावण अतिशीत करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली पाहण्याच्या तंत्रासाठी झाक दुबोशे, योआखिम फ्रँक आणि रिचर्ड हेंडरसन यांना २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने प्रथिन नष्ट होते, म्हणून मारा अल्प ठेवावा लागतो. परिणामी प्रत्येक चित्र धूसर व दाणेदार येते. अशी हजारो, लाखो चित्रे संगणक जुळवतो, त्यांची सरासरी काढतो आणि त्रिमितीय आकृती उभी करतो. त्या आकृतीतील किती बारीक तपशील विश्वासार्ह आहे, याचे माप म्हणजे विभेदन क्षमता. ती अँगस्ट्रॉममध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागात मोजतात. आकडा जितका लहान, तितका तपशील सूक्ष्म.

धोका जुळवणीत आहे. चित्रे जुळवण्यासाठी आधी एखादा नमुना लागतो. निव्वळ निरर्थक ठिपक्यांची हजार चित्रे आईनस्टाईनच्या छायाचित्राशी जुळवून सरासरी काढली, तर आईनस्टाईनचाच चेहरा उमटतो! चित्रांत तो मुळीच नव्हता. तो जुळवणाऱ्याच्या अपेक्षेत होता. २०१३ मध्ये एचआयव्ही विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनाच्या एका प्रसिद्ध झालेल्या रचनेवर हेंडरसन यांच्यासह अनेक तज्ज्ञांनी नेमका हाच आक्षेप घेतला. लसीचे संशोधन ज्या प्रथिनाभोवती फिरते, त्याचीच आकृती आभासी निघाली तर किती श्रम वाया जातील, याची कल्पना करावी.

यावरचा उपाय साधा आहे. सर्व चित्रांचे आरंभीच दोन गट करावेत आणि प्रत्येक गटातून स्वतंत्र आकृती घडवावी. मग दोन्ही आकृतींची तुलना ढोबळ तपशिलापासून बारीक तपशिलाकडे, टप्प्याटप्प्याने करावी. पूर्ण मेळ असेल तेथे १, मुळीच नसेल तेथे ०. ढोबळ आकारात मेळ १ च्या जवळ असतो, पुढे तो उतरत जातो. ज्या टप्प्यावर तो ०.१४३ होतो, तेथील तपशिलाचे माप हीच विभेदन क्षमता मानण्याचा प्रघात आहे. हा निकष २००३ मध्ये रोझेन्थाल व हेंडरसन यांनी मांडला. पूर्वी दोन्ही गट अनेकदा एकाच नमुन्याशी जुळवले जात. मग दोहोंत तीच चूक शिरे आणि आकडा फसवा निघे.

तरीही हा आकडा संपूर्ण आकृतीचा आहे. रेणूचा स्थिर गाभा त्याहून स्पष्ट, हलती टोके त्याहून धूसर असू शकतात. शिवाय दोन्ही गटांत सारखीच असलेली चूक या कसोटीला दिसत नाही. म्हणून प्रथिनाच्या ज्ञात रचनेशीही आकृती ताडून पाहावी लागते.

केवळ परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा थोर आहे म्हणून स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. त्या यादीत आपल्याच मनाला पटलेल्या मताचाही समावेश आहे, हे आपण बहुधा विसरतो. आईनस्टाईनचा तो चेहरा त्याचीच आठवण करून देतो. आपल्या वसतिगृहातील मुलांनी उत्तर ताडून पाहताना शेजाऱ्याच्या वहीत डोकावू नये, असे आम्ही शिक्षक सांगतो, त्यामागे केवळ शिस्त नाही. स्वतंत्रपणे काढलेली दोन उत्तरे जुळली, तरच त्या जुळण्याला अर्थ आहे.