चॉकलेटचे आवरण आणि आतील शेतमाल

सांगलीकडील बेदाणा, कोकणातील काजूगर, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि भुईमुगाचे दाणे ह्यांना चॉकलेटचे आवरण देऊन विकल्यास मूळ मालापेक्षा चांगला भाव मिळू शकतो. हा उद्योग थोड्या जागेत, घरच्या माणसांच्या हातून होण्याजोगा आहे. तथापि चॉकलेट हा महाग पदार्थ होय. २०२४ साली जागतिक बाजारात कोकोचा भाव टनास १०,००० डॉलरांच्या वर गेला होता. एक घाणा बिघडला तर नफा राहो, भांडवलही बुडते. म्हणून प्रारंभीच एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. चॉकलेट आतील मालाचा दोष झाकते, नाहीसा करीत नाही.

चॉकलेटचे गुणधर्म

कोकोच्या झाडाच्या बिया आंबवून, वाळवून, भाजून व दळून चॉकलेट तयार करतात. आपल्या देशात हे झाड केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश व तामिळनाडू ह्या राज्यांत, मुख्यतः नारळी-पोफळीच्या बागांत, आंतरपीक म्हणून लावतात. १८२८ साली हॉलंडमध्ये व्हान हाउटेन ह्यांच्या दाबयंत्राने बियांतील स्निग्धांश वेगळा काढण्याची सोय झाली, आणि १८४७ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे फ्राय ह्यांच्या कारखान्यात खाण्याच्या चॉकलेटची वडी तयार झाली. ह्या स्निग्धांशास कोको बटर म्हणतात. ते सुमारे ३४ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून चॉकलेट तोंडात विरघळते आणि म्हणूनच आपल्या उन्हाळ्यात ते टिकत नाही. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी ह्या थंड व कोरड्या महिन्यांत करणे इष्ट.

दुसरा गुणधर्म असा की, चॉकलेटमध्ये पाणी जवळजवळ नसते. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब पडले तरी ते घट्ट व रवाळ होते आणि आवरणाच्या उपयोगाचे राहत नाही.

कोणता माल योग्य?

मालाची योग्यता त्यातील पाण्यावरून ठरवावी. काजूगरात पाणी सुमारे ५ टक्के असते. तो मंद भाजून पूर्ण थंड केल्यावर आवरणास उत्तम ठरतो. बेदाण्यात सुमारे १५ टक्के पाणी असते. चांगला वाळलेला, सुटासुटा बेदाणा चालतो. पावसाळी हवेत ओलावा धरलेला, चिकट बेदाणा घेऊ नये. तो धुतला असल्यास पुन्हा पूर्ण वाळवूनच वापरावा.

स्ट्रॉबेरीत सुमारे ९० टक्के पाणी असते. फळ न चिरता, देठासह, वरून पूर्ण कोरडे करून बुडवावे आणि त्याच दिवशी विकावे. फळास रस सुटला की आवरण निसटते. महाबळेश्वरच्या पर्यटकांपुढे ताजे करून देण्यास हा पदार्थ योग्य आहे. दूरच्या बाजारासाठी नव्हे.

भुईमुगाविषयी विशेष दक्षता

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. शोध घेता त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीत बुरशीचे विष आढळले. तेच अफ्लाटॉक्सिन होय. शेंगा ओल्या राहिल्या, फुटल्या वा किडल्या म्हणजे ही बुरशी वाढते. दाणे भाजल्याने हे विष पूर्णपणे नष्ट होत नाही. उघड्या दाण्याचा कुबट वास व काळपट रंग ग्राहकास कळतो. चॉकलेटखालील दाण्याचा कळत नाही. हा पदार्थ बहुधा मुलांच्या हाती जातो. सबब सुरकुतलेले, रंग बदललेले व फुटके दाणे आवरणापूर्वी निवडून टाकावेत. असा टाकाऊ माल जनावरांसही घालू नये. संशय असल्यास नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.

आवरण देण्याची रीत

१. चॉकलेटचे तुकडे कोरड्या भांड्यात घालून ते भांडे गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवावे. वाफ आत जाऊ देऊ नये.
२. गडद चॉकलेट सुमारे ४५ अंशांपर्यंत तापवावे, ढवळीत २७-२८ अंशांपर्यंत उतरवावे व पुन्हा ३१-३२ अंशांवर आणावे. ह्यास टेम्परिंग म्हणतात. ह्यामुळे आवरणास चकाकी व कडकपणा येतो. तापमापक अवश्य वापरावा. अंदाजावर विसंबू नये.
३. माल त्यात बुडवून काट्याने उचलावा, जादा चॉकलेट निथळू द्यावे आणि कागदावर सुटासुटा ठेवून थंड, कोरड्या जागी घट्ट होऊ द्यावा.

काही दिवसांनी आवरणावर पांढरी झाक आल्यास ती बुरशी असेलच असे नाही. उष्णतेने वर आलेला स्निग्धांश किंवा ओलाव्याने वर आलेली साखर हे त्याचे नेहमीचे कारण असते. साठवण सुधारावी, हाच त्याचा बोध.

विक्री

विक्रीपूर्वी अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी. भुईमूग, काजू व दूध काहींना बाधतात. म्हणून वेष्टनावर त्यांचा स्पष्ट उल्लेख करावा. कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असलेले स्वस्त आवरण वापरल्यास त्यास चॉकलेट म्हणून विकू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम एक किलो मालाचे प्रात्यक्षिक करून दाखवावे, तो माल पंधरा दिवस ठेवून पाहावा आणि मगच गटास भांडवल गुंतविण्याचा सल्ला द्यावा. शेतकऱ्यानेही आपला उत्तम माल ह्या कामासाठी राखावा. बाजारात न खपलेला माल चॉकलेटखाली खपविण्याचा मोह एकदाच फळतो. ग्राहक दुसऱ्यांदा येत नाही.